‘षटकार’ कोणाचा? : क्रिकेटची मराठी, तिचे अनामिक कर्ते आणि आखूड होत गेलेला खेळ

एखादा शब्द भाषेत पूर्णपणे रुळला, की त्याचा कर्ता विस्मरणात जातो, हा भाषाव्यवहाराचा सर्वसाधारण नियम आहे. या नियमाला काही अपवाद आहेत. ‘महापौर’ हा शब्द उच्चारताना सावरकरांचे नाव आजही घेतले जाते, कारण त्या शब्दामागे भाषाशुद्धीची एक घोषित चळवळ होती आणि त्या चळवळीला नेता होता. परंतु ‘षटकार’, ‘फलंदाज’, ‘पायचीत’, ‘निर्धाव’ या शब्दांना असा नेता नाही. वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर रात्रपाळीत तारांचे भाषांतर करणारे उपसंपादक, आकाशवाणीवरील समालोचक, शालेय सामन्यांचे वृत्तान्त लिहिणारे हौशी वार्ताहर अशा अनेकांच्या हातून ही परिभाषा घडत गेली. तिच्याबरोबर कोणाचेही नाव आले नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मंडळींना स्थान नाही. शब्दसिद्धीच्या तासाला आपण ज्या समासांची उदाहरणे देतो, त्यांतही हे शब्द क्वचितच येतात.

प्रस्तुत लेखात या शब्दनिर्मितीचे स्वरूप पाहावयाचे आहे. तसेच क्रिकेट जसजसे आखूड आणि विक्रेय होत गेले तसतसे या निर्मितीचे काय झाले, हेही पाहावयाचे आहे. त्यासाठी दूरचित्रवाणीवरील क्रिकेटइतकेच वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) या गावच्या मैदानावरील समालोचनाचे उदाहरण उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्धा–आर्वी रस्त्यावरील, धाम नदीकाठचे हे गाव. क्रिकेटच्या इतिहासात त्याचे नाव नाही, आणि येथे त्याची निवड याच कारणासाठी केली आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. ‘गोलंदाज’ हा शब्द क्रिकेटसाठी नव्याने घडविलेला नाही. मराठ्यांच्या तोफखान्यात तोफ डागणारा तो गोलंदाज. ‘अंदाज’ हा फेकणारा, टाकणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय ‘तिरंदाज’ या शब्दातही आहे. चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला हा जुना लष्करी शब्द देणाऱ्याने केवळ प्रतिशब्द दिला नाही, एक रूपक दिले. खरी गंमत पुढे आहे. गोलंदाजाला जोडीदार हवा म्हणून ‘फलंदाज’ घडला. ‘फल’ म्हणजे फळी वा फलक असे धरले, तर व्युत्पत्तीच्या काटेकोर हिशेबाने फलंदाज म्हणजे फळी फेकणारा! ज्याने फळी घट्ट धरून उभे राहावयाचे त्याला फळी फेकणारा म्हणणे हा व्याकरणदृष्ट्या प्रमादच होय. तरीही हा शब्द टिकला, कारण कानाला तो गोलंदाजाचा सख्खा भाऊ वाटतो. हिंदीने ‘बल्लेबाज’ आणि ‘गेंदबाज’ असे सुरक्षित शब्द घेतले. मराठीने चुकीचा, पण जिवंत शब्द घेतला. पंडितांच्या समितीकडून असा शब्द निघाला असता असे वाटत नाही.

बाद होण्याच्या प्रकारांची परिभाषा याहून लक्षणीय आहे. ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’ या सर्वांतील ‘चीत’ तांबड्या मातीतून आला आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावणे म्हणजे त्याला चीत करणे. इंग्रजांचा पांढऱ्या कपड्यांतील खेळ मराठी वाचकाला समजावून सांगताना शब्दकर्त्याने आखाड्याचा आधार घेतला आणि एका प्रत्ययसदृश घटकावर संपूर्ण शब्दकुल उभे केले. ‘त्रिफळा’ हा तर उघड विनोद आहे. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांचे घरोघरी ठाऊक असलेले चूर्ण तीन उभ्या दांड्यांना चिकटवून दिले, आणि ‘त्रिफळा उडाला’ या वाक्यात दांड्यांचेही चूर्ण झाल्याचा भास होतो.

‘निर्धाव षटक’ या संज्ञेत निर्मितीची आणखी एक रीत दिसते. अशा षटकाला इंग्रजीत ‘मेडन’ म्हणजे कुमारिका म्हणतात. मराठी शब्दकर्त्याने त्याचे भाषांतर केले नाही. त्याने मैदानावर काय घडले ते पाहिले आणि सांगितले : धाव निघाली नाही, म्हणून निर्धाव. ही मूळ संज्ञेहून अधिक अचूक संज्ञा आहे. बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातील त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी असे आहे. या पराक्रमाचे वर्णन इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक नेमके होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आणि ‘षटक’? षट्क म्हणजे सहांचा समूह. निर्वाणषटकाशी परिचय असलेल्या वाचकाला हा शब्द पद्यरचनेतून आधीच ठाऊक होता. सहा श्लोकांचे षटक तसे सहा चेंडूंचे षटक. परंतु हा शब्द घडविताना खेळाचा नियम स्थिर राहील असे गृहीत धरले गेले. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत आठ चेंडूंची पद्धत होती. ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, तो प्रत्येकी आठ चेंडूंच्या ४० षटकांचा. आठ चेंडूंचे षटक हा वदतोव्याघातच होय. समर्थांच्या करुणाष्टकांच्या चालीवर त्याला ‘अष्टक’ म्हणावयास हवे होते. मराठी वाचकाने ही विसंगती निमूटपणे सोसली. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेत चेंडू पाच-पाचांच्या गटांत मोजले जातात. तेथे षटकच उरलेले नाही. क्रिकेट आखूड होणे म्हणजे केवळ वेळ वाचणे नव्हे, संज्ञांच्या पायाखालची जमीन सरकणे होय, याचे हे साधे उदाहरण.

आखूड होण्याचा हा प्रवास येथे थोडक्यात नोंदवितो. १९३९ मध्ये दरबान येथील कालमर्यादा नसलेला कसोटी सामना दहाव्या दिवशीही निकाली निघाला नाही. इंग्लंडच्या संघाला बोट गाठावयाची होती म्हणून तो सोडून द्यावा लागला. १९७५ ते १९८३ या काळातील विश्वचषक ६० षटकांचे होते, १९८७ पासून ते ५० षटकांचे झाले. २००३ मध्ये इंग्लिश कौंटी संघांनी २० षटकांचा खेळ सुरू केला, २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली, आणि २०१७ मध्ये शारजात १० षटकांची स्पर्धा भरली.

या घटनाक्रमावरून सहसा असा निष्कर्ष काढला जातो की, बाजाराने खेळ आखूड केला आणि त्यामुळे त्यातील कला गेली. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. आंजीसारख्या गावांत क्रिकेट पहिल्यापासूनच आखूड होते. रबरी किंवा टेनिसचा एकच चेंडू, कापूस निघाल्यावर मोकळे झालेले वावर, मजुरीवरून परतलेली मुले आणि मावळतीपूर्वीचा दीड तास एवढ्या भांडवलावर सहा किंवा आठ षटकांपेक्षा लांब सामना होऊच शकत नव्हता. लीगच्या जन्माच्या कितीतरी आधी खेड्याने सर्वांत आखूड क्रिकेट शोधले होते. तेथे आखूडपणा ही गरज होती. तेव्हा प्रश्न लांबीचा नसून निराळाच आहे : खेळातील विराम कोणाच्या मालकीचे, आणि खेळातील घटनांना नाव देण्याचा अधिकार कोणाचा?

विरामांचा विचार केला असता मराठी समालोचनाचे महत्त्व ध्यानात येते. कसोटी सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळला जात असतो तो वेळ अल्प असतो. उरलेला वेळ गोलंदाज परत चालत जाण्याचा, क्षेत्ररक्षण बदलण्याचा, पाणी पिण्याचा असतो. आकाशवाणीवरून मराठीत बोलणाऱ्या समालोचकाला हा रिकामा वेळ शब्दांनी भरावा लागे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकाची शैली घडली ती या रिकाम्या वेळात. श्रोत्याला काही दिसत नाही, म्हणून सर्व काही वाणीने दाखवावयाचे, ही कीर्तनकाराच्या पूर्वरंगाला जवळची परिस्थिती होती. या समालोचनाचा बहुतांश भाग हवेत विरून गेला. ज्या काळात आपण ग्रामीण आणि दलित आत्मकथनांची मौखिकता अभ्यासक्रमात आणली, त्याच काळात शेजारच्या खोलीत वाजणाऱ्या ट्रान्झिस्टरमधील मौखिक गद्याकडे आपले लक्ष गेले नाही.

छापील गद्याकडे तरी कोठे गेले? विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मकथन १९४८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल या चर्मकार समाजातील चार भावांनी हिंदू संघाचे क्रिकेट उभे केले. बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, परंतु हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही; ते १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठल यांना मिळाले. अशा घरातील माणसाने मराठीत लिहिलेले हे पुस्तक इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये आपल्या इंग्रजी ग्रंथात आधारसाधन म्हणून वापरले, तेव्हा त्याची चर्चा झाली. दलित आत्मकथनाची परंपरा शिकविताना आपण ज्या पुस्तकांपासून प्रारंभ करतो, त्यांच्या कितीतरी आधीचे हे पुस्तक आहे. ते खेळावरचे असल्यामुळे वाङ्मयाच्या कपाटात आले नाही, असे मानण्यास जागा आहे.

आता नाव देण्याच्या अधिकाराकडे येऊ. २००८ ते २०१२ या काळात लीगची शीर्षक-प्रायोजक एक बांधकाम कंपनी होती. त्या हंगामांत फलंदाजाने चेंडू थेट सीमेपार टोलविला, की समालोचकांच्या तोंडी ‘डीएलएफ मॅक्सिमम’ हे शब्द येत. उत्तम झेलाला ‘कार्बन कमाल कॅच’ आणि निर्णायक क्षणाला ‘सिटी मोमेंट ऑफ सक्सेस’ म्हटले जाई. पुढे प्रायोजक बदलला आणि षटकार ‘येस बँक मॅक्सिमम’ झाला. जाहिरात मैदानाच्या कडेच्या फलकावर असणे निराळे आणि क्रियेच्या नावातच असणे निराळे. भाषेच्या इतिहासात नामकरण हे समाजाने सहमतीने आणि विनामूल्य केलेले कार्य आहे. येथे ते ठरावीक मुदतीसाठी विकले गेले. ज्या अनामिकाने ‘षटकार’ हा शब्द घडविला त्याला मानधन तर सोडाच, श्रेयही मिळाले नाही. आणि तीच घटना दर्शविणारे दुसरे, मुदतबंद नाव कंपनीच्या खात्यातून पैसे मोजून घेतले गेले. माझ्या मते आखूड क्रिकेटच्या व्यापारीकरणाचे मर्म या एका अदलाबदलीत सापडते.

विरामांचेही तेच झाले. २००९ च्या हंगामात डावाच्या मध्यावर साडेसात मिनिटांचा ‘व्यूहात्मक विराम’ आला; टीका झाल्यावर २०१० पासून तो प्रत्येक डावात अडीच मिनिटांच्या दोन विरामांत विभागला गेला. खेळ आखूड करावयाचा आणि त्यात विराम मात्र नव्याने घालावयाचे, हे वरकरणी विसंगत वाटते. विराम हाच विक्रीचा माल आहे हे ध्यानात घेतले की विसंगती उरत नाही. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांतील ४१० सामन्यांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे एका सामन्याला सुमारे ११८ कोटी रुपये. एवढ्या किमतीच्या विरामात समालोचकाने भाषा घडवीत बसावे अशी अपेक्षा कोण करील?

आंजीच्या मैदानावर हा विराम अजून मोकळा आहे. उन्हाळ्यातील खुल्या स्पर्धांच्या वेळी मैदानाच्या कडेला एक मंडप, एक टेबल, एक ध्वनिक्षेपक आणि त्यामागे एक माणूस असतो. त्याला खेळातले सर्व कळते असे नाही, पण त्याला बोलणे थांबविता येत नाही. त्याची भाषा दोन पातळ्यांवर चालते. ध्वनिवर्धक हाती आला की तो प्रथम वर्तमानपत्री मराठी बोलतो : ‘गोलंदाजी करण्यासाठी सज्ज झालेले आहेत’. चेंडू उडाला की तीच भाषा वऱ्हाडीकडे घसरते : ‘चालला, चालला, धुऱ्यापार गेला ना गा!’ विदर्भात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. चुन्याची सीमारेषा आणि शेताचा धुरा या दोन गोष्टी त्याने कोणाला न विचारता एक केल्या. चेंडू कडेच्या पऱ्हाटीत हरवला, की क्षेत्ररक्षक ‘वेचणीला गेला’ असे तो जाहीर करतो. एकाच षटकात दोघे बाद झाले, की ‘निंदण चालू हाय’. तोफखाना आणि आखाडा यांतून शब्द घेणाऱ्या त्या जुन्या उपसंपादकाची जी रीत, तीच ही रीत आहे. फरक इतकाच की याचा आखाडा कापसाचे वावर आहे. बोलताना हा समालोचक ‘छक्का’ आणि ‘सिक्सर’ हेही शब्द वापरतो. परंतु मोठा फटका बसला की त्याच्या तोंडून ‘षटकार’ येतो, शेवटचा ‘र’ लांबवीत. प्रौढ शब्द तो समारंभासाठी राखून ठेवतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. गावची स्पर्धाही प्रायोजकांशिवाय होत नाही. प्रथम पारितोषिक कोणा लोकप्रतिनिधीकडून, द्वितीय कोणा कृषी सेवा केंद्राकडून, चषक कोणा दिवंगताच्या स्मरणार्थ, हे सर्व फलकावर असते, आणि फलकावरील छायाचित्रांचा आकार पाहिला तर स्पर्धा खेळाडूंची की छायाचित्रांची असा प्रश्न पडतो. समालोचकही मध्येच पुकारतो : ‘या षटकाराला अमुक भाऊंकडून शंभर रुपये रोख!’ मग लीगमध्ये निराळे काय घडले?

निराळे हे की, येथे देणाऱ्याचे नाव पराक्रमानंतर येते आणि पराक्रमाच्या नावाशेजारी बसते, त्याच्या जागी नव्हे. पूर्व विदर्भातील खडी गंमत किंवा दंडार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत परिचित वाटेल. शाहिराच्या कवनावर खूश होऊन कोणी नोट पुढे केली, की तिचा पुकारा होतो, देणाऱ्याला दाद मिळते आणि कवन पुढे चालू राहते. कवनाचे नाव बदलत नाही. आंजीचा समालोचक नकळत शाहिराचे काम करतो, आणि बक्षिसाचा पुकारा हा त्याच्या रचनेचाच भाग असतो : दात्याच्या नावाशी तो यमक जुळवितो, प्रसंगी त्याची थट्टाही करतो. शंभर रुपये देणारा माणूस ही थट्टा मंडपात बसून ऐकतो आणि हसतो. दूरचित्रवाणीवरील समालोचकाला प्रायोजकाची थट्टा करता येईल काय?

दुसरीही एक बाजू नोंदविली पाहिजे. २०२३ पासून लीगचे सामने महाजालावरील प्रक्षेपणात मराठी समालोचनासह उपलब्ध झाले, आणि माजी मराठी खेळाडू त्यात बोलू लागले. आकाशवाणीने जे क्षेत्र सोडून दिले तेथे बाजारच मराठी घेऊन आला, हे मान्य करावे लागते. त्या समालोचनात जुने शब्द ऐकू येतात, ते आनंदाने ऐकावेत. नवे शब्द मात्र क्वचितच ऐकू येतात. बोलणाऱ्याला सुचत नाहीत असे नाही, पण एक शब्द सुचून तो जिभेवर स्थिर होईपर्यंत षटक संपते आणि जाहिरात लागते. शिवाय चार षटकांची मर्यादा असलेल्या गोलंदाजाच्या संदर्भात ‘निर्धाव’ची मालिका संभवत नाही, आणि ‘अनिर्णित’ हा शब्द तर या प्रकारातून हद्दपारच झाला आहे. तरीही मार्च २०२५ मध्ये विदर्भाने नागपूरजवळच्या जामठा येथे केरळवर पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तो सामना अनिर्णितच होता. पाच दिवस चाललेल्या आणि न संपलेल्या सामन्यातून अजिंक्यपद मिळते, हे वीस षटकांवर वाढलेल्या मुलाला समजावून सांगताना त्या एका शब्दाचा अर्थ प्रथम सांगावा लागतो, असा वर्गातील अनुभव आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी या सामग्रीकडे वळावे असे सुचवावेसे वाटते. मात्र त्यासाठी उशीर करून चालणार नाही. गावच्या स्पर्धेचे ध्वनिमुद्रण आज कोणाच्या ना कोणाच्या भ्रमणध्वनीत असते, पण ते चित्रणाच्या हेतूने केलेले असते. त्यात फटका दिसतो आणि समालोचकाचे वाक्य मध्येच तुटते. पुढच्या वर्षी नवी चित्रणे साठवायची म्हणून जुनी पुसली जातात. गुणलेखकाच्या वहीत धावा, चेंडू, बळी आणि रोख बक्षिसे यांचे रकाने असतात. वाक्यांचा रकाना नसतो. स्पर्धेच्या निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि बक्षीसदाते यांची नावे ठळक छापलेली असतात, त्याखाली मंडप आणि ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्याचे नाव असते. समालोचकाचे नाव असलेच तर ते त्याखाली, पत्रिकेच्या काठाशी, ‘आपले नम्र’ या यादीतील इतर सात-आठ जणांत मिसळलेले असते.